आष्टगावची गझल

भीमराव पांचाळे यांना २०२५ साली राज्य शासनाचा गानसम्राज्ञी लता मंगेशकर पुरस्कार मिळाला. मोर्शी तालुक्यातल्या आष्टगावचा हा माणूस, आणि उभ्या आयुष्यात त्याने ध्यास घेतला तो मराठी गझल गाण्याचा. या पुरस्काराने वऱ्हाडातला पाऊणशे वर्षांचा एक प्रवास डोळ्यांपुढे उभा राहतो.

त्याची सुरुवात अमरावतीच्या सुरेश भटांपासून करावी लागते. त्यांच्या आधी कवी माधव जूलियनांची ‘गज्जलांजली’ आली होती, १९३३ला. गझलेचा आकृतिबंध मराठीत आला होता, पण माझ्या मते तिचा पीळ आला तो भटांबरोबर. भटांचा जन्म १९३२चा, लहानपणीच पोलिओने पाय अधू झालेला. ‘रूपगंधा’ हा संग्रह १९६१ला आला, ‘रंग माझा वेगळा’ १९७४ला, ‘एल्गार’ १९८३ला. नवख्यांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. एवढ्या मोठ्या कवीने वृत्त, काफिया (यमक), रदीफ (अंत्यपद) समजावत बसावं, हे मला त्यांच्या कवितेइतकंच मोलाचं वाटतं.

भटांचे शब्द घरोघरी पोचवले हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींनी आणि लताबाई-आशाबाईंच्या गळ्यांनी. ‘सिंहासन’, ‘उंबरठा’ या चित्रपटांनी तर ते गावोगाव नेले. ती गाणी अजोडच आहेत. पण ध्वनिमुद्रिकेवरचं गाणं ठरलेल्या मिनिटांत, बांधलेल्या चालीत संपतं. गझलेला याहून जास्त सैलपणा लागतो.

तो सैलपणा पांचाळ्यांच्या मैफलीत मिळाला. शेराची पहिली ओळ ते एकदा म्हणून पुढे जात नाहीत. तीच ओळ पुन्हा घेतात, एखाद्या शब्दावर रेंगाळतात, सूर बदलून परत येतात. ऐकणारा मनातल्या मनात दुसरी ओळ जुळवू लागतो, काफिया काय येईल याचा अंदाज बांधतो. मग ती ओळ येते आणि अख्खं सभागृह एकदम दाद देतं. हे वाटतं तितकं सोपं नाही. वृत्तातला लघू उगाच ताणला की शब्द मोडतो, आणि शब्द मोडला की शेर गेला. चाल त्यांची स्वतःचीच असल्याने कुठे थांबायचं हेही त्यांच्याच हातात असतं. सुरांच्या हौसेपायी त्यांनी अर्थाला धक्का लागू दिला नाही, म्हणून मी त्यांना गायकाइतकंच कवितेचा वाचक मानतो.

आणि ते भटांपाशीच थांबले नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचे गझलकार इलाही जमादार कित्येकांना पहिल्यांदा कळले ते पांचाळ्यांच्या आवाजातून. ‘एक जखम सुगंधी’सारखे अल्बम निघाले. गझल सागर प्रतिष्ठानातर्फे संमेलनं भरली, लेखनाच्या कार्यशाळा झाल्या. भटांची बाराखडी अशी पुढच्या पिढीच्या हाती गेली. इकडे अकोल्यात ‘गुलाल’ या गझलसंग्रहाचे कवी श्रीकृष्ण राऊत लिहीत होतेच.

भट २००३मध्ये गेले, इलाही २०२१मध्ये. पुरस्काराचा आनंद आहेच, पण मला काळजी लागली आहे ती कॅसेटच्या काळातल्या मैफलींची. अल्बम टिकतील. एखाद्या गावच्या कार्यक्रमात कुणी टेपरेकॉर्डर लावून जपलेली रात्र मात्र फितीला बुरशी लागली की कायमची जाईल. अमरावती-अकोल्यात ज्यांच्या कपाटात अशा कॅसेट असतील, त्यांनी त्या याच वर्षी डिजिटल करून घ्याव्यात आणि वर कवीचं नाव, गाव, तारीख लिहून ठेवावी.