म्हशीच्या दुधातलं बी-१२ बनवतं कोण?

कुरवंड्याच्या माळावर चरणाऱ्या म्हशीच्या गवतात बी-१२ नसतं, तिच्या दुधात मात्र असतं. म्हैस ते बनवत नाही. कुठलाच प्राणी किंवा वनस्पती बनवत नाही, ते काम फक्त काही बॅक्टेरिया आणि आर्कियांचं. म्हशीच्या पहिल्या पोटात, जिथून चारा रवंथासाठी परत वर येतो, तिथे हे बॅक्टेरिया असतात. त्यांना चाऱ्यातून थोडा कोबाल्ट मिळाला की झालं. पुढे लहान आतड्यात ते शोषलं जातं. आपल्याही मोठ्या आतड्यात बी-१२ बनवणारे बॅक्टेरिया आहेत, पण आपलं शोषण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होतं. म्हणजे माल तयार होतो तो गाडी सुटल्यावर!

आता एन्झाइम्सकडे येऊ. १९७२ मध्ये वुडवर्ड आणि एशेनमोझर यांच्या गटांनी बी-१२ प्रयोगशाळेत बनवलं, त्यात शंभरएक संशोधक आणि कैक वर्षं गेली. बॅक्टेरिया तेच काम तीसेक एन्झाइम्सनी करतात. सुरुवात होते ती हीम आणि क्लोरोफिल जिथून निघतात त्याच कड्यापासून. त्यावर एकामागून एक मिथाइल गट बसतात आणि कड्यातला एक कार्बन काढून टाकला जातो. ही पायरी मला सगळ्यात भारी वाटते, कारण कडं तोडून, लहान करून पुन्हा जोडायचं असतं. त्यासाठी एका मार्गातलं कॉब-जी हे एन्झाइम हवेतला ऑक्सिजन वापरतं आणि कोबाल्ट नंतर बसतो. दुसऱ्या मार्गात ऑक्सिजन लागतच नाही, तिथे कोबाल्ट आधीच बसवलेला असतो. रेणू एकच, रस्ते दोन.

हे कळलं कसं? १९८९ च्या सुमारास फ्रेंच गटानं बी-१२ न बनवणारे म्युटंट घेतले आणि स्यूडोमोनास डेनिट्रिफिकन्सच्या डीएनएचे तुकडे त्यांत घालून कोणता तुकडा बिघाड भरून काढतो ते पाहिलं. कॉम्प्लिमेंटेशन आपण परीक्षेपुरतं पाठ करतो, पण इथे त्याच्याच जोरावर जनुकं सापडली. बिनऑक्सिजनच्या मार्गातले मधले रेणू इतके नाजूक, की कड्याचा तो सगळा मार्ग लागायला २०१३ उजाडलं.

रेणूचा खालचा हातही महत्त्वाचा. स्पिरुलिनाच्या गोळ्यांत बहुतेक वेळा तिथे अ‍ॅडेनिन असतं. त्या खोट्या बी-१२ ला आपल्या पोटातलं वाहक प्रथिन नीट धरत नाही. जुन्या, बॅक्टेरिया वाढवून मोजण्याच्या चाचणीत मात्र ते खऱ्यात धरलं जायचं. त्यामुळे पेपरातला आकडा बघण्याआधी पद्धत वाचा.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. २००८ च्या त्यांच्या पेपरात दोनतृतीयांश आयांमध्ये बी-१२ कमी होतं, फोलेट कमी असलेली आई फक्त एक. फोलेट पालेभाज्या स्वतः बनवतात, आणि गरोदरपणातल्या लोहाच्या गोळीतही ते असतं. बी-१२ दोन्हीकडे नाही. ज्या आयांचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं.