घाट मोकळा, आठ ते चार

उत्तर इटलीतल्या प्राड गावातून स्टेल्विओ घाटाचा चढ सुरू झाला की काही वेळाने पहिल्या मोठ्या वळणावर एक पाटी दिसते. तिच्यावर आकडा असतो ४८. पुढच्या वळणावर ४७. वळणं वरून खाली मोजलेली आहेत. १ हा आकडा दिसेपर्यंत सायकलस्वाराने चोवीस किलोमीटर अंतर कापलेलं असतं आणि सुमारे १,८०० मीटर उंची अंगावर घेतलेली असते. एरवीच्या उन्हाळी दिवशी या पाट्या धड वाचायलाही सवड मिळत नाही. मागून मोटारसायकलींचा ताफा गुरगुरत येतो, वरून पर्यटकांची बस अख्खं वळण अडवून उतरते आणि मधल्या मध्ये सापडलेला सायकलस्वार कठड्याला चिकटून श्वास सावरतो.

वर्षातल्या एका शनिवारी मात्र हे चित्र पालटतं. ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, सकाळी आठ ते दुपारी चार, स्टेल्विओचा रस्ता मोटारींना बंद असतो. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या पुढाकाराने होणाऱ्या या सायकल-दिवशी हजारो माणसं वर चढतात. प्राडकडून, पलीकडच्या बोर्मिओ गावातून आणि तिसरीकडे स्वित्झर्लंडमधून ऊमब्राइल खिंडीमार्गे, अशा तिन्ही बाजूंनी घाट मोकळा केलेला असतो. ही स्पर्धा नव्हे. कुणी वेळ मोजत नाही, कुणी पहिला येत नाही. दोन तासांत माथा गाठणारे असतात आणि प्रत्येक पाटीपाशी उतरून फोटो काढत दुपार करणारेही असतात.

समुद्रसपाटीपासून २,७५७ मीटरवर असलेली ही खिंड सायकलीला मानवते, याचं श्रेय घोड्यांना द्यायला हवं. नेपोलियनच्या पाडावानंतर लोम्बार्डी प्रांत ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला आणि तिरोलमधून तिथे सैन्य नि टपाल नेण्यासाठी रस्ता हवा झाला. कार्लो दोनेगानी या अभियंत्याने १८२० ते १८२५ या काळात तो बांधला. भरलेली गाडी ओढणाऱ्या घोड्याला जेवढा चढ झेपेल तेवढाच द्यायचा, म्हणून डोंगराच्या अंगावर वळणांमागून वळणं टाकली. प्राडच्या बाजूने चढाची सरासरी सात-साडेसात टक्के पडते, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना सातेक मीटर वर. आपल्या बोरघाटातला गाडीरस्ता मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने खुला केला तो १८३० मध्ये, स्टेल्विओनंतर पाचच वर्षांनी. दोन्हीकडे गरज एकच होती. गाडीला जुंपलेल्या जनावराचा दम राखायचा.

जनावराची जागा माणसाने घेतली की हिशेब सोपा होतो. सायकलीसकट ऐंशी किलो वजन १,८०० मीटर वर न्यायला निव्वळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३४० किलोकॅलरी इतकं काम करावं लागतं. पण माणसाचं शरीर खाल्लेल्या ऊर्जेपैकी पाव हिस्साच पायडलपर्यंत पोचवतं, बाकीची उष्णता होऊन घामात जाते. म्हणजे खर्च तेराशे-चौदाशे किलोकॅलरींच्या घरात, म्हणजे बैठं काम करणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या जेवणातला निम्म्याहून जास्त भाग. शिवाय माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या तुलनेत जवळजवळ तीन दशांशाने कमी असतो. तळाशी मजेत गप्पा मारणारी जोडगोळी विसाव्या पाटीनंतर गप्प होते, ती त्यामुळे. पुढे लहान दातेरी चक्र, मागे ताटलीएवढं मोठं, असे गिअर लावून मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्या मारत राहायचं, एवढाच मंत्र. गिअर संपले आणि तरीही पाय वळेना, की उतरून ढकलायचं. मोकळ्या दिवशी त्याची लाज कुणाला वाटत नाही, कारण मागे हॉर्न वाजवणारं कुणी नसतं.

इटलीच्या सायकल-वेडात या घाटाला देवस्थानाचं महत्त्व आलं ते १९५३ साली. 'जिरो द'इतालिया' ही देशव्यापी शर्यत त्या वर्षी प्रथमच स्टेल्विओवरून गेली. आघाडीवर होता स्वित्झर्लंडचा ह्युगो कोब्लेट. इटलीचा फाउस्टो कोप्पी तेहतिशीत पोचला होता आणि बऱ्याच जणांनी त्याची आशा सोडली होती. शेवटून दुसऱ्या दिवशी कोप्पीने याच वळणांवर कोब्लेटला मागे टाकलं आणि पाचव्यांदा जिरो जिंकली. १९६५ पासून त्या शर्यतीतल्या सर्वांत उंच जागेला कोप्पीच्या नावाने ओळखतात. स्टेल्विओ मार्गात असला की तो मान बहुधा त्याचाच.

मोकळ्या घाटाचा खरा मोठा उत्सव मात्र स्टेल्विओच्या पूर्वेला, डोलोमाइट पर्वतात चालतो. तिथे सेल्ला नावाचा फिकट करड्या दगडाचा एक अजस्र गड उभा आहे आणि त्याच्याभोवती चार खिंडी आहेत : पोर्दोई, सेल्ला, गार्देना आणि काम्पोलोंगो. चारी खिंडी ओलांडून पुन्हा जिथून निघालो तिथेच येता येतं. पन्नास किलोमीटरच्या थोडी पुढे जाणारी ही प्रदक्षिणा हिवाळ्यात स्कीवाले घालतात, उन्हाळ्यात सायकलवाले. जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये एकेक दिवस ती वाहनांना बंद ठेवतात. नावनोंदणी नाही, शुल्क नाही. गडाला वळसा घालायचा, एवढंच. सगळ्यांनी एकाच दिशेने जावं, असं आयोजक सुचवतात. त्यांची ही सूचना शहाणपणाची का, ते उताराचं बोलताना कळेल.

सेल्लाभोवतीच्या खोऱ्यांत लादिन भाषा बोलली जाते. बोलणारे जेमतेम तीस हजार. त्यांच्या भाषेतलं नाव मिरवणारी 'मारातोना द्लेस दोलोमितेस' ही शर्यत १९८७ साली १६६ जणांनिशी सुरू झाली. आज जुलैच्या सुरुवातीच्या एका रविवारी हजारो सायकलस्वार पहाटे ला व्हिला गावातून निघतात. इच्छुक त्याच्या कित्येक पटींनी असतात, म्हणून चिठ्ठ्या काढाव्या लागतात. सर्वांत लांबचा मार्ग १३८ किलोमीटरचा आणि एकूण चढ ४,२३० मीटर. त्यात जाऊ नावाची खिंड आहे, जिथे दहा किलोमीटर चढाची सरासरी नऊ टक्क्यांहून जास्त पडते. एवढं सोसल्यावर शेवटाजवळ एक छोटीशी चढण वाट पाहत असते, काही ठिकाणी एकोणीस टक्क्यांची. लादिन लोक तिला 'मांजराची भिंत' म्हणतात. पाय रिकामे झालेल्या माणसाला तिथे नखं नसल्याची खंत वाटत असणार.

या शर्यतीची धुरा अनेक वर्षं वाहणारे मिखिल कोस्ता कोर्वारा गावातले हॉटेलमालक. हे महत्त्वाचं आहे, कारण डोंगरातल्या खिंडी वाहनांना बंद करा असं सांगणारा माणूस सहसा हॉटेलच्या गल्ल्यावर बसलेला नसतो. डोलोमाइट २००९ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले आणि उन्हाळ्यातली गर्दी आणखी वाढली. २०१७ मध्ये सेल्ला खिंडीचा रस्ता जुलै-ऑगस्टच्या बुधवारी सकाळी नऊ ते दुपारी चार खासगी वाहनांना बंद ठेवून पाहिला. चालणारे आणि सायकलवाले खूश झाले. रस्त्याकाठच्या धंदेवाल्यांनी मात्र गिऱ्हाईक घटतं म्हणून नाराजी दाखवली. दोघांचंही खरं असू शकतं. सायकलवाला घामेजलेल्या अंगाने एक कॉफी पितो आणि पुढे जातो. मोटारीतलं कुटुंब जेवायला थांबतं, आठवण म्हणून लाकडी घंटाही घेतं. वर्षातल्या एका दिवसाला कुणाचीच ना नसते. आठवड्यातल्या एका दिवसाची गोष्ट निघाली की बैठका सुरू होतात.

फ्रान्सने यावर तडजोडीचा मार्ग काढला. आल्प्सच्या दक्षिण भागात इझोआरसारख्या नामांकित खिंडी उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी फक्त सकाळचे काही तास सायकलींसाठी राखून ठेवतात. दुपारी रस्ता पूर्ववत. जेवणाच्या वेळेचं गिऱ्हाईक शाबूत आणि सकाळच्या थंड हवेत चढणाराही समाधानी.

वारीत वाढलेल्या मराठी माणसाला यात फार नवल वाटू नये. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी तिथली वाहतूक दुसरीकडे वळवतात. एरवी मालमोटारींनी कण्हणारा तो घाट त्या दिवशी पायांचा होतो. टाळांचा आवाज वरच्या वळणापासून खालपर्यंत ऐकू येतो, कारण मध्ये इंजिन नसतं. आल्प्समध्येही मोकळ्या दिवसाची पहिली खूण कानालाच कळते. गाईंच्या गळ्यातल्या घंटा, वितळत्या बर्फाचं पाणी, साखळीची चरचर आणि शेकडो माणसांचे उच्छ्वास. एरवी हे आवाज तिथे नसतात असं नाही.

मोकळा रस्ता म्हणजे निर्धोक रस्ता असं समजणाऱ्याची वास्तवाशी गाठ उतारावर पडते. समोरून गाडी येणार नाही या भरवशावर माणसं अख्खा रस्ता वापरून वळण कापतात आणि समोरून डोकं खाली घालून, ताशी आठ किलोमीटरच्या वेगाने वर येणारा सायकलस्वार दिसतो. स्टेल्विओवर दिवसभर दोन्ही दिशांनी ये-जा चालते, म्हणून उजवी बाजू सोडायची नाही हा तिथला पहिला नियम. सतत ब्रेक दाबून धरले तर ते तापतात. सराईत माणसं वळणाआधी जोरात दाबतात, वळणात सोडून देतात. आणि थंडी. चढताना भिजलेलं बनियन उतारावर पाचच मिनिटांत बर्फाची चादर होतं. जुन्या काळी शर्यतवाले माथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेऊन छातीशी सरकवत आणि मग झेपावत. आता खिशात मावणारी वाराबंद जाकिटं मिळतात, तरी एखादा म्हातारा अजूनही पेपर घेऊन येतो.

या उत्सवात एक विसंगती आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. वाहनमुक्त घाटाच्या पायथ्याशी त्या दिवशी मोटारींची रांग लागते, प्रत्येकीच्या टपावर दोन-दोन सायकली. प्राडजवळच्या स्पोंदिनीग स्थानकापर्यंत मेरानोहून रेल्वे येते. १९९० साली बंद पडलेला तो मार्ग २००५ मध्ये पुन्हा सुरू झाला. तरी सगळेच काही रेल्वेने येत नाहीत.

माथ्यावर मात्र कोण कसा आला याची विचारपूस होत नाही. तिथल्या टपऱ्यांवर सॉसेज-पावाला गर्दी असते, खाली वळणांची अख्खी माळ दिसत असते, हलणाऱ्या रंगीत ठिपक्यांनी भरलेली. साडेतीन वाजता अनुभवी मंडळी जाकिटाची चेन ओढून निघतात. नवखे आणखी एक फोटो काढत रेंगाळतात. चार वाजता खाली अडथळे हटतात, आणि सकाळपासून पायथ्याशी खोळंबलेल्या मोटारसायकली वर यायला निघतात.