शर्यतीचे राखणदार

इंग्लंडात सिल्व्हरस्टोन नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे लष्करी विमानतळ होता. आता तिथे मोटारींच्या शर्यती होतात. लोक मोटारी बघतात. कडेला नारिंगी कपडे घालून माणसं उभी असतात, त्यांच्याकडे फारसं कुणी बघत नाही. ते मार्शल. ते स्वयंसेवक असतात. सुटीच्या दिवशी येतात, पगार घेत नाहीत.

नुसतं उभं राहायला शिकायचं काय? ऐका.

१९७३ साली हॉलंडात झांडफोर्ट इथे रॉजर विल्यमसनची मोटार उलटून पेटली. तो आत अडकला. डेव्हिड पर्ली या दुसऱ्या स्पर्धकाने आपली मोटार थांबवली, धावत जाऊन उलटी मोटार सरळ करू पाहिली. एकट्याने ती हलेना. मार्शल जवळच होते, पण त्यांच्या अंगावर आगीत टिकणारे कपडे नव्हते. विल्यमसन वाचला नाही.

१९७७ साली दक्षिण आफ्रिकेत कायलामी इथे एका मोटारीला लहानशी आग लागली. ती विझवायला १९ वर्षांचा मार्शल हातात नळकांडं घेऊन रस्ता ओलांडू लागला. तेवढ्यात चढावरून भरधाव मोटार आली. मार्शल जागीच गेला. नळकांडं डोक्यावर आदळून चालक टॉम प्राइसही गेला. मुलगा शूर होता, पण नुसतं शौर्य पुरत नाही.

म्हणून आधी शिकवतात ते हे : हुकुमावाचून रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही. येणाऱ्या मोटारींकडे पाठ करायची नाही. कपडे सुती घालायचे, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. आग विझवताना वारा पाठीशी घ्यायचा आणि फवारा ज्वाळेच्या बुडाशी मारायचा.

मग बावटे शिकायचे. पिवळा म्हणजे पुढे धोका : वेग कमी करा, कुणाला मागे टाकू नका. पिवळ्यावर तांबडे पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. निळा म्हणजे मागून वेगवान मोटार येते आहे. हिरवा म्हणजे रस्ता मोकळा. तांबडा म्हणजे शर्यत थांबली. चालकाला आवाज ऐकू येत नाही. बावटा मात्र दिसतो. म्हणून मार्शलने स्वतः तांबडे-पिवळे कपडे घालायचे नाहीत.

नवा माणूस आधी जाणत्या मार्शलाशेजारी उभा राहतो, बघतो, विचारतो. कित्येक दिवस काहीच घडत नाही. तरी नजर हलवायची नाही. बावटा क्षणभर उशिरा वर गेला, तर वळणापलीकडच्या माणसाला तेवढाच वेळ कमी मिळतो.