घरगुती साठवण-सर्व्हरसाठी एसएमपीएसची निवड

संगणक आता खेड्यापाड्यांतील घरांतही स्थिरावला आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावी शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य किंवा लहान व्यावसायिक यांच्या घरी छायाचित्रे, जमिनीच्या कागदपत्रांच्या प्रती, विद्यार्थ्यांसाठी जमविलेले पाठ यांचा संग्रह वाढत जातो. हा संग्रह घरातील सर्वांना एकाच ठिकाणाहून मिळावा म्हणून जुन्या अथवा स्वस्त संगणकात दोन हार्ड डिस्क बसवून तो अहोरात्र सुरू ठेवण्याची कल्पना सहज सुचते. त्यासाठी मदरबोर्ड आणि डिस्क यांची निवड काळजीपूर्वक होते. त्यांना वीज पुरविणारा एसएमपीएस मात्र बहुधा कॅबिनेटबरोबर जो मिळेल तोच स्वीकारला जातो. वर्षभराच्या वीजबिलाचा आणि संग्रहाच्या सुरक्षिततेचा प्रश्न नेमका येथेच गुंतलेला आहे.

घरात येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज संगणकाला थेट चालत नाही. एसएमपीएस तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करतो. या रूपांतरात काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. १०० वॅट घेऊन ८० वॅट पुढे देणाऱ्या संचाची कार्यक्षमता ८० टक्के म्हणावयाची. मात्र ही कार्यक्षमता सर्व भारांवर सारखी नसते. साधारणतः निम्म्या भाराच्या आसपास ती सर्वाधिक असते आणि भार फार कमी झाला की झपाट्याने घसरते.

साठवण-सर्व्हरचे वैशिष्ट्य असे, की तो दिवसाचा बहुतेक काळ जवळजवळ स्वस्थ असतो. साधा मदरबोर्ड आणि दोन फिरत्या डिस्क मिळून अशा वेळी ३० वॅटच्या आसपास वीज घेतात. सुरू होताना मात्र स्थिती वेगळी असते. साडेतीन इंची डिस्कची चकती गती घेईपर्यंत काही सेकंद १२ व्होल्टवर सुमारे २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट, लागतात. दोन डिस्कचे ४८ आणि प्रोसेसर व मदरबोर्डचे ५० वॅट धरले, तरी एकूण गरज १०० वॅटच्या आतच राहते. तेथे ५०० वॅटचा एसएमपीएस बसविणे म्हणजे घागरभर पाण्यासाठी टँकर बोलावणे होय. स्वस्थ अवस्थेत त्यावर जेमतेम ६ टक्के भार पडतो.

त्याची किंमत किती पडते? उदाहरणादाखल, या अल्प भारावर एका संचाची कार्यक्षमता ६५ टक्के आणि दुसऱ्याची ८२ टक्के धरू. पहिला भिंतीतून सुमारे ४६ वॅट घेईल, दुसरा ३७. फरक केवळ ९ वॅटचा; परंतु वर्षाचे तास ८,७६० असल्याने तो सुमारे ७९ युनिटांवर जातो. युनिटचा दर ८ रुपये धरल्यास वर्षाला सुमारे ६३० रुपये होतात. चांगल्या संचासाठी किती जादा पैसे मोजावेत, हे याच हिशेबावरून ठरवावे.

खोक्यावरील '८० प्लस' या चिन्हाचा अर्थही नीट समजून घेतला पाहिजे. २००४ साली सुरू झालेल्या या प्रमाणन योजनेत २०, ५० आणि १०० टक्के भारावर चाचणी होते. ११५ व्होल्टच्या चाचणीत ब्राँझ श्रेणीसाठी अनुक्रमे ८२, ८५ व ८२ टक्के, तर गोल्ड श्रेणीसाठी ८७, ९० व ८७ टक्के कार्यक्षमता अपेक्षित असते. साठवण-सर्व्हर ज्या ६ टक्के भारावर दिवस काढतो, त्याविषयी ही चिन्हे काहीच सांगत नाहीत. टायटॅनियम श्रेणीत १० टक्के भाराची चाचणी आहे. पण तिची किंमत काटकसरीच्या चौकटीत बसत नाही. म्हणून श्रेणीइतकेच लक्ष क्षमतेकडे द्यावे. २५० ते ३०० वॅटचा दर्जेदार संच सर्वात योग्य. तालुक्याच्या बाजारपेठेत तो न मिळाल्यास ४०० ते ४५० वॅटचा ब्राँझ किंवा गोल्ड संच घ्यावा. बिनचिन्हाचा, वजनाने हलका आणि मोठा आकडा मिरविणारा एसएमपीएस मात्र टाळावा. त्याच्या पट्टीवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहून गुणाकार केला, की त्या आकड्याचा फोलपणा पुष्कळदा तेथेच उघड होतो.

दुसराही एक मार्ग आहे. लॅपटॉपप्रमाणे १२ व्होल्टचा बाह्य अडॅप्टर आणि कॅबिनेटमध्ये बसणारी छोटी रूपांतर-पट्टी वापरता येते. दोन डिस्कसाठी १५० वॅटचा अडॅप्टर पुरतो. त्यावर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी-खूण असणे आवश्यक आहे.

ग्रामीण भागात केवळ कार्यक्षमता पाहून भागत नाही. घरांचा आणि कृषिपंपांचा भार एकाच वाहिनीवर असेल तेथे दाब खालीवर होतो. अशा ठिकाणी १०० ते २४० व्होल्ट स्वीकारणारा संच उपयोगी पडतो; तशी नोंद पट्टीवर असते. वीज अचानक गेल्यास डिस्कवर लिहिली जात असलेली माहिती अर्धवट राहण्याचा धोका असतो. दर्जेदार एसएमपीएस पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो आणि भार कमी असता त्याहून अधिक. घरच्या इन्व्हर्टरवर सर्व्हर जोडावयाचा असल्यास त्याचा खटका 'यूपीएस' स्थितीत ठेवावा, कारण साध्या स्थितीत वीज बदलण्यास अधिक वेळ लागतो. काही आधुनिक एसएमपीएस चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर बंद पडतात. तेथे साइन वेव्ह इन्व्हर्टरच हवा. वीज वाचविणाऱ्या संचाचा येथे आणखी एक लाभ होतो : वर दिलेल्या उदाहरणात तीच बॅटरी सुमारे चतुर्थांश अधिक वेळ पुरेल. शिवाय तीन पिनांच्या प्लगमागे खरोखर अर्थिंग आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घेणे अगत्याचे आहे. ते नसल्यास कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या येतात.

निवड योग्य झाली की नाही, हे घरच्या मीटरवरही पाहता येते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो हा आकडा, बहुधा ३,२००, तेथेच छापलेला असतो. घरातील इतर सर्व उपकरणे थोडा वेळ बंद करून केवळ सर्व्हर सुरू ठेवावा. अशा मीटरवर ४६ वॅटचा सर्व्हर सुमारे २४ सेकंदांनी एकदा दिवा लुकलुकवील, ३७ वॅटचा सुमारे ३० सेकंदांनी.