पहिल्या तासाची तयारी

जून महिना उजाडला की आपल्या वस्तीत प्रवेशाची धावपळ सुरू होते. कोणाचा जातीचा दाखला राहिलेला असतो, कोणाचे शिष्यवृत्तीचे कागद अपुरे असतात, तर कोणाला शाखा कोणती घ्यावी हेच ठरवता येत नाही. मंडळाचे कार्यकर्ते या मुलांच्या मदतीला धावतात आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच वर्गात फळ्याजवळ आयुष्यात प्रथमच उभ्या राहणाऱ्या शिक्षकाची विचारपूस कोणी करीत नाही. आज आपल्यातील अनेक मुलेमुली नेट-सेट उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात शिकवू लागली आहेत. बहुतेकांची सुरुवात तासिका तत्त्वावर होते. नेमणुकीचे पत्र हाती पडते आणि चार दिवसांत वर्गावर जावे लागते. पहिल्या तासाला नेमके काय करायचे, हे मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

गेल्या वर्षी मंडळाच्या अभ्यासवर्गातून पुढे गेलेली एक मुलगी पेढे घेऊन आमच्या घरी आली. एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवण्यासाठी तिची निवड झाली होती. पेढा हातावर ठेवताच ती म्हणाली, "काका, विषय येतो मला. पण ऐंशी मुलांसमोर पहिल्या दिवशी बोलू काय? रात्री झोप लागत नाही." आम्ही बँकेत कारकून आहोत, प्राध्यापक नव्हे. कला शाखेची पदवी आणि मंडळाच्या सभागृहात बारा वर्षे दर रविवारी प्रथम वर्षाच्या मुलांना दिलेली शिकवणी, एवढीच आमची पुंजी. तरीही तिच्याशी जे बोललो ते इतरांनाही उपयोगी पडेल, असे वाटल्याने येथे मांडीत आहोत.

प्रथम आमची फजिती सांगतो. अभ्यासवर्गाच्या पहिल्या रविवारी आम्ही वहीची तब्बल बावीस पाने टिपणे काढून नेली होती. बत्तीस मुले आली होती. मान खाली घालून आम्ही दीड तास व्याख्या उतरवून दिल्या. पुढच्या रविवारी अकराच मुले आली. आम्हाला राग आला, की या मुलांना शिकायचेच नाही! पुढे एका मुलाच्या वडिलांनी स्पष्ट सांगितले, "साहेब, पोरगा म्हणतो, कॉलेजात समजत नाही म्हणून इथं आलो, तर इथंही तेच." आमची चूक तेव्हा लक्षात आली. आम्ही विषयाची तयारी केली होती, पण समोर कोण बसणार आहे याची तयारी केलीच नव्हती.

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील एक पर्व प्रत्येक नव्या शिक्षकाने ध्यानात ठेवावे. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात बाबासाहेब अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पगार दरमहा ४५० रुपये होता. अस्पृश्य समाजातून आलेला हा प्राध्यापक काय शिकवणार, अशा भावनेने आरंभी विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या घागरीतील पाणी त्यांनी पिण्यासही काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. बाबासाहेबांनी याला उत्तर दिले ते व्याख्यानांच्या कसून केलेल्या तयारीने. थोड्याच काळात वर्ग भरू लागला आणि दुसऱ्या महाविद्यालयांतील विद्यार्थीही परवानगी काढून त्यांच्या व्याख्यानाला येऊन बसू लागले. मार्च १९२० पर्यंत त्यांनी तेथे शिकवले आणि पगारातून काटकसरीने पैसे शिल्लक टाकून अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. पुढे १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिच्या वतीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. वर्ग आपल्याला मानणार नाही या भीतीवर उपाय कोणता, हे यावरून कळते. आवाज चढवून किंवा कडकपणा दाखवून वर्ग मानत नसतो. शिक्षक तयारी करून आला आहे, हे मुलांना पाच मिनिटांत समजते.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू.

पहिली गोष्ट म्हणजे अभ्यासक्रम. विद्यापीठाचा चालू वर्षाचा अभ्यासक्रम स्वतः मिळवून वाचावा. मागच्या वर्षीच्या टिपणांवर विसंबू नये, कारण नव्या शैक्षणिक धोरणामुळे विषयांची रचना बदलली आहे. व्याख्यानाच्या विषयात एका श्रेयांकाला साधारणपणे १५ तास धरतात. म्हणजे दोन श्रेयांकांच्या विषयाला एका सत्रात ३० तास मिळतात. त्यातून सुट्ट्या, अंतर्गत परीक्षा आणि कार्यक्रम वजा करावेत. उरलेल्या तासांत कोणता घटक केव्हा संपेल याचा तक्ता एका कागदावर मांडावा. हा कागद हाती असला की निम्मी भीती जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे खोली. आदल्या दिवशी वर्ग रिकामा असताना तेथे जाऊन यावे. फळ्यावर चार ओळी लिहून शेवटच्या बाकावर जाऊन बसावे. अक्षर वाचता येते का, पंख्याच्या आवाजात बोलणे ऐकू येते का, खिडकीच्या उजेडाने फळा चमकतो का, हे पाहावे. खडू आणि डस्टर जवळ ठेवावे. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण पहिल्या दिवशी खडू शोधण्यात गेलेली पाच मिनिटे शिक्षकाचा धीर घालवतात.

तिसरी गोष्ट म्हणजे हजेरी. आदल्या रात्री यादी वाचून अवघड नावांचा उच्चार करून पाहावा. नाव चुकले तर त्या विद्यार्थ्यालाच विचारून दुरुस्त करावे. ओळख करून घेताना मात्र फार जपावे. आम्ही १९९९ साली प्रथम वर्षाला गेलो तेव्हा पहिल्याच तासाला एका सरांनी प्रत्येकाला उभे करून आडनाव, बारावीचे गुण आणि वडिलांचा व्यवसाय विचारला. नंतर ते म्हणाले, "शिष्यवृत्तीवाल्यांनी उभे राहा." आम्ही सात जण उभे राहिलो. सरांच्या मनात वाईट हेतू नसावा, त्यांना अर्जांची संख्या हवी असेल. पण वर्गाने वळून पाहिले ते आजही विसरता येत नाही. त्या सातांपैकी दोघे दिवाळीनंतर परत आलेच नाहीत. त्यामागे घरच्या अडचणीही असतील. तरीही पहिल्या दिवशी कोणी आपुलकीने बोलले असते तर ते टिकले असते का, हा प्रश्न मनातून जात नाही. म्हणून आमचे सांगणे असे, की जात, गुण आणि आईवडिलांचा व्यवसाय वर्गात मोठ्याने विचारू नये. प्रत्येकाला एक छोटा कागद द्यावा. त्यावर नाव, कोठून येतो, कोणत्या माध्यमातून शिकला, नोकरी करतो का आणि या विषयाची कशाची भीती वाटते, एवढे लिहून घ्यावे. तो कागद घरी नेऊन नीट वाचावा. शिष्यवृत्तीची सूचना द्यायची असेल तर ती फळ्यावर लिहावी. ज्याला हवी तो उतरवून घेतो.

चौथी गोष्ट म्हणजे पहिला धडा. केवळ नियम सांगून पहिला तास संपवू नये. ७५ टक्के हजेरी, अंतर्गत गुण, पुस्तकांची नावे हे सर्व दहा मिनिटांत सांगून होते. उरलेल्या वेळात विषयाचा एक घास तरी मुलांच्या तोंडी पडला पाहिजे. त्यासाठी त्यांच्या घरातील प्रश्न निवडावा. आम्ही रविवारच्या वर्गात विचारतो, "तुमच्या आईने बँकेत ठेवलेले शंभर रुपये आता कोठे आहेत?" बहुतेक मुले म्हणतात, तिजोरीत. मग आम्ही फळ्यावर दाखवतो, की त्यातील काही भाग रिझर्व्ह बँकेकडे राखीव राहतो, काही सरकारी रोख्यांत गुंतवला जातो आणि बराचसा कर्जाऊ जातो. कोणी त्यातून रिक्षा घेतो, कोणी दुकान टाकतो. लगेच एखादी मुलगी विचारते, "मग सगळेच लोक एका दिवशी पैसे काढायला आले तर?" हा प्रश्न आला की तास यशस्वी झाला असे समजावे. कारण येथून रिझर्व्ह बँक कशासाठी, ठेवींचा विमा कशासाठी, २०२० साली त्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख रुपये का केली, अशा सर्व वाटा फुटतात. इतिहास असो वा मराठी साहित्य, असा एक प्रश्न प्रत्येक विषयात सापडतो. तो शोधण्यासाठी दोन रात्री लागल्या तरी चालेल.

पाचवी गोष्ट म्हणजे वेळ. तास ४८ मिनिटांचा असेल तर बोलण्याची तयारी ३५ मिनिटांची करावी. एका पानावर मोठ्या अक्षरांत मुद्दे आणि त्यांपुढे मिनिटे लिहावीत. घरात घड्याळ लावून एकदा उभ्याने मोठ्याने बोलून पाहावे. वाचताना दहा मिनिटांचे वाटणारे बोलताना कधी चार मिनिटांत संपते, तर कधी वीस मिनिटे खाते. एखाद्या प्रश्नाचे उत्तर आले नाही तर "उद्या पाहून सांगतो" असे सरळ म्हणावे, आणि दुसऱ्या दिवशी न चुकता सांगावे. थाप मारल्यास ती मुलांच्या लक्षात येते आणि मग खरे सांगितलेलेही पटत नाही.

त्या मुलीने आमच्याच घरी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत दोनदा तास घेतला. श्रोते आम्ही, आमची पत्नी आणि दहावीतला मुलगा. आठवड्याने ती पुन्हा आली. तास सर्वस्वी चांगला झाला नव्हता. सुरुवातीला हात थरथरला, दोन नावे चुकली आणि बोलणे दहा मिनिटे आधीच संपले. त्या दहा मिनिटांत तिने मुलांना प्रश्न विचारू दिले. रात्री ती कागद वाचीत बसली तेव्हा एकावर लिहिलेले होते, "मी सकाळी दुधाच्या गाडीवर काम करतो, पहिल्या तासाला उशीर होतो, मला वर्गाबाहेर काढू नका." दुसऱ्या दिवशी तिने त्या मुलाला बाजूला बोलावून सांगितले, "उशीर झाला तरी आत येऊन बसत जा. बुडालेला भाग मधल्या सुट्टीत मला विचार." तो मुलगा या वर्षी दुसऱ्या वर्षाला आहे.

मंडळाचे सभागृह रविवारी दुपारी रिकामे असते. ज्यांना या जूनमध्ये प्रथमच वर्गावर जायचे आहे, त्यांनी तेथे येऊन आपला पहिला तास आमच्यासमोर घेऊन पाहावा. फळा आहे, खडू आहेत आणि चुका दाखवणारी माणसेही आहेत.