आपले आकडे उतरले, तरी त्यांची दारं बंद का?

2021च्या गणपतीत, मेलबर्न-सिडनीला लेक किंवा मुलगा असलेल्या घरांत एक प्रश्न हटकून निघे: भारतातली कोविडची दुसरी लाट ओसरली, आमचे डोस झाले, मग आम्हाला का येऊ देत नाहीत? त्या ताटातुटीतला प्रश्न अगदी खरा होता. पण येणाऱ्याच्या देशातले रुग्ण घटले की सीमा उघडते, हा त्यामागचा समज मात्र बरोबर नव्हता.

ऑस्ट्रेलियाने 20 मार्च 2020 रोजी नागरिक, कायमचे रहिवासी आणि त्यांचे जवळचे कुटुंबीय सोडून इतरांना प्रवेश बंद केला. पुढे उघडण्याचा जो राष्ट्रीय आराखडा ठरला, त्याला मेलबर्नच्या डोहर्टी इन्स्टिट्यूटच्या गणिती अंदाजांचा आधार होता. त्यातले टप्पे होते स्वतःच्या 16 वर्षांवरील लोकांपैकी 70 आणि मग 80 टक्क्यांचं लसीकरण. बाहेरून संसर्ग येणार हे त्यात धरलेलंच होतं. तो स्वतःच्या रुग्णालयांना झेपेल का, हे पाहायचं होतं. 1 नोव्हेंबर 2021 पासून मोकळीक मिळू लागली आणि त्याच वेळी नागरिकांचे व कायमच्या रहिवाशांचे आई-वडीलही ‘जवळचे कुटुंबीय’ धरले गेले. पर्यटकांची पाळी 21 फेब्रुवारी 2022ला आली. सीमा बंद झाली तेव्हा त्या देशात रुग्ण शेकड्यांत होते, उघडली तेव्हा रोज हजारोंनी सापडत होते.

ब्रिटनचं उदाहरण याहून बोलकं आहे. ओमिक्रॉन हा विषाणूचा नवा प्रकार आढळल्यावर दक्षिण आफ्रिकेसह आफ्रिकेतले 11 देश ब्रिटनच्या प्रवास-निर्बंधांच्या ‘लाल यादी’त गेले. 15 डिसेंबर 2021 रोजी ते सगळे यादीतून निघाले, कारण तोवर ओमिक्रॉन ब्रिटनमध्येच पसरला होता. बाहेरच्यांना अडवून काही वाचणार नव्हतं.

स्वतःच्या नागरिकाला कुणी अडवत नाही, असंही आपण धरून चालतो. मे 2021 मध्ये ऑस्ट्रेलियाने भारतातून परतणाऱ्या आपल्या नागरिकांनाही बंदी केली. मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. सुमारे 9,000 ऑस्ट्रेलियन तेव्हा भारतात होते. विलगीकरण केंद्रांत भारतातून आलेले बाधित वाढले होते आणि व्यवस्थेवर ताण येत होता, हे सरकारने दिलेलं कारण. बंदी 15 मे रोजी संपली. कारण समजतं, तरीही लाटेच्या ऐन भरात आपल्याच माणसांना कैदेची भीती घालणं मला आजही अतिरेकी वाटतं. न्यूझीलंडमध्ये अडचण हॉटेलच्या खोल्यांची होती. परतणाऱ्याला सरकारी विलगीकरणात खोली मिळाली तरच येता येई, आणि सप्टेंबर 2021 पासून त्या खोल्यांसाठी ऑनलाइन रांगेत क्रम नशिबाने लागे. या पद्धतीने काही नागरिकांच्या मायदेशी परतण्याच्या हक्कावर गदा आली, असं तिथल्या उच्च न्यायालयाने एप्रिल 2022 मध्ये म्हटलं.

जागतिक आरोग्य संघटना सीमा उघडायला लावू शकते का? नाही. 2005च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार, प्रवाशांना 24 तासांहून जास्त अडवणाऱ्या देशाने त्यामागचं शास्त्रीय कारण 48 तासांत कळवायचं आणि तीन महिन्यांत निर्बंधाचा फेरविचार करायचा असतो. न केल्यास शिक्षा नाही.

लस मान्य करण्याचंही तसंच, निर्णय ज्या-त्या देशाचा. कोविशिल्ड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, मूळ लस ॲस्ट्राझेनेकाची. ब्रिटनने स्वतः सीरमकडून 50 लाख डोस नेले होते. तरी सप्टेंबर 2021 मध्ये भारतात तीच लस घेतलेला प्रवासी त्यांच्या लेखी लस न घेतलेलाच होता. आक्षेप उठल्यावर लस मान्य झाली, पण भारताचं लस-प्रमाणपत्र अडलं. भारताने 4 ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना 10 दिवसांचं विलगीकरण लावलं, आणि 11 ऑक्टोबरला ब्रिटनने भारतातून येणाऱ्या लसवंतांवरची विलगीकरणाची अट काढली. एवढ्यात विषाणूत काहीच बदललं नव्हतं.

जाहीर झालेल्या तारखेवर मात्र कुणी तिकीट काढून बसू नये. 15 डिसेंबरपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू होईल, असं भारताने 26 नोव्हेंबर 2021 रोजी जाहीर केलं. त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने विषाणूच्या नव्या प्रकाराला ओमिक्रॉन हे नाव दिलं. पाच दिवसांत निर्णय मागे घेतला गेला, आणि ती विमानं उडाली 27 मार्च 2022 रोजी.