मेथी : किती, कशी आणि कुणी जपून

लेखमाला : स्वयंपाकघर आणि साखर (लेखांक ७)

गेल्या आठवड्यात ज्वारी, नाचणी आणि गव्हातल्या चोथ्याबद्दल आपण बोललो. आज पाहू मेथीचा दाणा. त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग चोथाच असतो.

कुणाला मधुमेह निघाला की घरीदारी पहिला सल्ला मिळतो तो मेथीच्या पाण्याचा. रात्री चमचाभर मेथ्या भिजत घालायच्या आणि सकाळी अनशापोटी ते पाणी प्यायचं. सल्ल्यात तथ्य आहे. मात्र पुष्कळ घरांत पाणी गाळून पितात आणि दाणे टाकून देतात. मेथीचा गुण ज्यात आहे, त्यातला बराचसा भाग असा केरात जातो.

काम कोण करतं?

भिजलेली मेथी बोटांत चोळली की बुळबुळीत लागते. हा बुळबुळीतपणा गॅलॅक्टोमॅनन नावाच्या विद्राव्य तंतूचा. पोटात गेल्यावर तो पाणी शोषून फुगतो आणि अन्नाला दाट करतो. त्यामुळे जठरातून अन्न सावकाश पुढे सरकतं, पिठूळ पदार्थांपासून होणारी साखर रक्तात हळूहळू उतरते आणि जेवणानंतरची उसळी बोथट होते. दाण्यात हायड्रॉक्सीआयसोल्यूसीन नावाचं एक अमिनो आम्लही असतं. ते इन्शुलिन स्रवायला मदत करतं, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. पण रोजच्या जेवणात मुख्य भार तंतूच उचलतो. म्हणून मेथी जेवणाबरोबर किंवा जेवणाच्या जरा आधी पोटात गेली तर तिचा उपयोग जास्त. पहाटे नुसतं पाणी प्यायलं आणि दोन तासांनी पोहे खाल्ले, तर दोघांची गाठ पडतच नाही.

पुरावा काय सांगतो?

या विषयावरचं महत्त्वाचं काम आपल्याच देशात झालं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी 1990 साली टाइप 1 मधुमेहाच्या रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेल काढून टाकलेली मेथीची पूड रोज 100 ग्रॅम, दोन जेवणांत विभागून, दहा दिवस दिली होती. लघवीवाटे जाणारी साखर 54 टक्क्यांनी घटली आणि उपाशीपोटीची साखरही उतरली. 100 ग्रॅम हा प्रयोगातला डोस आहे. घरी कुणी त्याच्या वाटेला जाऊ नये.

2014 साली दहा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात उपाशीपोटीची साखर सरासरी 17 मिलिग्रॅमच्या आसपास कमी झालेली दिसली आणि एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, 0.85 ने उतरला. परिणाम ठळक दिसला तो दिवसाला निदान 5 ग्रॅम मेथी घेणाऱ्या मधुमेहींत. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 140 जणांचा एक भारतीय अभ्यास 2015 साली आला. त्यात रोज दोनदा 5 ग्रॅम पूड तीन वर्षं घेणाऱ्यांपेक्षा न घेणाऱ्यांमध्ये मधुमेह होण्याची शक्यता चौपटीहून अधिक आढळली.

हे आकडे उत्साह वाढवणारे आहेत, पण यातल्या बऱ्याच चाचण्या लहान आणि बेताच्या दर्जाच्या आहेत. त्यामुळे मेथीला पथ्य, चालणं आणि गोळी यांच्या जोडीला बसवायचं, त्यांच्या जागी नाही. ज्याचा एचबीएवनसी 10 आहे, त्याला मेथी एकटी 7 वर आणून देणार नाही.

किती आणि कशी?

सपाट चहाचा चमचा भरून मेथ्या म्हणजे साधारण 4 ग्रॅम. सुरुवात अर्ध्या चमच्याने करा. आठवडाभर पोट काय म्हणतं ते बघा. गॅस आणि पातळ शौच या सुरुवातीच्या नेहमीच्या तक्रारी. सोसलं तर हळूहळू दिवसाला दोन चमचे, दोन जेवणांत विभागून, इतपत जा.

भिजवलेले दाणे पाण्यासकट, चावून खा. कडू लागत असतील तर मोड आणून उसळीत किंवा कोशिंबिरीत घाला. मोडाने कडवटपणा उतरतो. किलोभर गव्हात 50 ग्रॅम मेथ्या दळून आणल्या, तर चार मध्यम पोळ्यांतून 5-6 ग्रॅम मेथी सहज पोटात जाते. थालीपिठाच्या भाजणीत तर ती खपूनच जाते. पूड मात्र कधीही कोरडी फाकू नका. ती घशात फुगून अडकू शकते. ताकात किंवा भरपूर पाण्यात कालवूनच घ्या.

मेथीचं नाव असलेला प्रत्येक पदार्थ साखरेला चांगला, असंही नाही. मेथांब्यात गूळ असतो, मेथीच्या लाडवात गूळ-तूप दोन्ही. लोणच्यातली आणि मेतकुटातली मेथी चवीपुरती. पालेभाजी उत्तमच आहे, रोज खावी; पण वरचे सगळे आकडे दाण्यांचे आहेत, पानांचे नाहीत.

कुणी जपावं?

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगूनच मेथी सुरू करावी. दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन साखर 70 च्या खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, धडधड, एकाएकी भूक ही त्याची लक्षणं. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि कमीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

दुसरी अडचण वेळेची. मेथीचा तंतू औषधाचं शोषणही मंदावू शकतो. मधुमेहाबरोबर थायरॉइडचा त्रास अनेकांना असतो, आणि थायरॉइडची गोळीही सकाळी अनशापोटीच घ्यायची असते. ती गोळी आणि मेथीचं पाणी एकाच वेळी नको. तोंडाने घ्यायच्या कुठल्याही औषधात आणि मेथीत निदान दोन तासांचं अंतर राखा. सकाळ गोळ्यांनी भरलेली असेल तर मेथी दुपारच्या जेवणाला न्या.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी मेथीचा डोस स्वतःच्या मनाने सुरू करू नये. रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्जनना आधी सांगावं. गरोदरपणी भाजीत-फोडणीत असते तेवढी मेथी ठीक, चमच्यांनी दाणे किंवा पूड नको. गरोदरपणातल्या मधुमेहातही नको. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांनी सावध असावं, कारण ही सगळी एकाच कुळातली. घामाला आणि लघवीला गोडसर वास येऊ लागला तर घाबरू नये, तो मेथीचाच.

उपयोग होतोय हे कसं कळेल?

सुरू करण्याआधी तीन-चार दिवस उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर ग्लुकोमीटरवर मोजून वहीत लिहा. मग मेथी सुरू करा. त्या काळात दुसरा नवा उपाय जोडू नका, नाहीतर श्रेय कुणाचं हे कळणार नाही. दोन आठवड्यांनी तशाच मोजण्या पुन्हा करा आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी. आकडे हलले तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी कमी करायची की नाही ते तेच ठरवतील. आकडे जागचे हलले नाहीत, तर मेथीचा आग्रह सोडून द्या आणि ताटातल्या भाताकडे, संध्याकाळच्या फेरफटक्याकडे लक्ष वळवा.

पुढच्या लेखात : कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड.